स्पीकर मोठे, पण बास गायब? सबवूफर घेण्याआधी वायर, खुर्ची आणि भिंत तपासून बघा

बारामती एमआयडीसीत पेन्सिल चौकापासून थोडं पुढं गेलं की भाड्याच्या रूमांच्या रांगा लागतात. दहा बाय दहाची रूम, मागं छोटं किचन, दोन रूमांच्या मधे एकच भिंत. आसपासच्या कंपन्यांमध्ये शिफ्ट करणारी पोरं, विद्या प्रतिष्ठानला शिकणारी पोरं, आणि थोड्याफार फॅमिली असा तिथला राबता. आमचा एक मित्र अशाच एका रूममध्ये राहतो. कंपनीत लाइनवर आहे, गाव इंदापूरकडचं.

या मित्राला नाद गाण्यांचा. त्यानं सेकंडहँड स्टिरिओ घेतला होता. एक अँप्लिफायर आणि दोन लाकडी खोक्यातले स्पीकर. गावाकडं घरात तो इतका भारी वाजायचा की मांडणीतली भांडी हलायची. तोच सेट त्यानं रूमवर आणला, जोडला, 'झिंगाट' लावलं आणि तोंड पाडून मला फोन केला. "भावा, बासच गेला रे याचा. नुसता पत्र्यासारखा वाजतोय."

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, सबवूफर लावा. म्हणजे महिन्याभराचा ओव्हरटाइम गेला. त्यात गंमत अशी की त्याचा रूम पार्टनर म्हणत होता, "बास येतोय की. मला तर चांगला ऐकू येतोय." दोघं एकाच रूममध्ये, एकच गाणं, एकच आवाज. एकाला बास ऐकू येतोय, दुसऱ्याला नाही. दोघांपैकी खोटं कोण बोलत होतं?

कुणीच नाही. पण ते कळायला आम्हाला एक अख्खी सुट्टी गेली. तुमच्या घरातही टीव्हीचा होम थिएटर, साउंडबार किंवा जुना स्टिरिओ असाच पोकळ वाजत असेल, तर पैसे घालवायच्या आधी हे वाचा. कारण घरातला बास कमी वाटतो तेव्हा बऱ्याचदा तो तयार होत असतो, पण तुमच्या कानापर्यंत पोचायच्या आत खोडला जात असतो.

आवाज आवाजाला खातो तो असा

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे हवा सेकंदाला किती वेळा थरथरली त्याचा आकडा. यातला खालचा भाग, म्हणजे ढोबळमानानं २० ते २०० हर्ट्झ, याला आपण बास म्हणतो. ढोलाचा दणका, डग्ग्याचा घुमारा, बेस गिटार हे सगळं या पट्ट्यात बसतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते.

आता एक आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळीकडं लागणार आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. म्हणजे ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी होते जवळपास साडेबावीस फूट. आणि ५००० हर्ट्झच्या लाटेची लांबी? अडीच-पावणेतीन इंच. झांजेचा आवाज खोलीत बोटभर लाटांनी फिरतो, तर ढोलाची एक लाट त्या दहा फुटी रूममध्ये अख्खी मावतसुद्धा नाही. बासचे सगळे नखरे या लांबीमुळं होतात.

स्पीकरचा कागदी पडदा पुढं येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता उघडा हातात धरून वाजवला तर पुढचा दाब वळसा घालून मागच्या पोकळीत जातो आणि दोघांची वजाबाकी होते. बारीक लाटांना असा वळसा नीट घालता येत नाही, लांब लाटांना सहज येतो. म्हणून उघडा स्पीकर चिरकतो आणि बास देत नाही. स्पीकरला खोकं असतं ते शोभेसाठी नाही, मागचा आवाज कोंडण्यासाठी.

आपल्याकडं गावोगाव पोरं गाडीचा जुना स्पीकर माठाच्या तोंडावर बसवतात आणि तो एकदम घुमायला लागतो. लोक म्हणतात मातीमुळं आवाज गोड होतो. मातीचं माहीत नाही, पण माठानं मागची हवा बंद केली आणि वजाबाकी थांबली, हे नक्की. मोबाइल स्टीलच्या तांब्यात ठेवल्यावर जे होतं ते वेगळं. तिथं आवाज मोठा होतो, पण बास येत नाही, कारण मोबाइलचा चिमुकला स्पीकर मुळात तेवढी हवा हलवतच नाही.

ही वजाबाकी डोक्यात ठेवून मित्राच्या रूमवर परत जाऊ.

पहिला संशय वायरवर

प्रत्येक स्पीकरच्या मागं दोन टोकं असतात, लाल आणि काळं. अँप्लिफायरच्या मागंही तशीच. लालला लाल, काळ्याला काळं जोडायचं. एका स्पीकरला हे उलटं झालं तरी काही जळत नाही, स्पीकर बंद पडत नाही, आवाज दोन्हीकडून येतो. म्हणून चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

पण होतं असं की एक स्पीकर हवा पुढं ढकलतो त्याच वेळी दुसरा मागं ओढतो. गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये बास बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही स्पीकरला सारखाच. मग त्या साडेबावीस फुटी लाटा चार-पाच फुटांवर ठेवलेल्या दोन स्पीकरमधून उलट्या निघतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे आवाज लहान लाटांचे असल्यानं कुठं जुळतात, कुठं कटतात, त्यामुळं ते बऱ्यापैकी ऐकू येतात. शिल्लक राहतो तो पत्र्यासारखा आवाज. आणखी एक खूण म्हणजे गायक समोर मधे उभा असल्यासारखा न वाटता त्याचा आवाज सगळीकडून, पसरल्यासारखा येतो.

तपासायचं कसं? अँप्लिफायर बंद करा. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून अर्ध्या फुटावर ठेवा. बास असलेलं गाणं हळू आवाजात लावा आणि ऐका. मग पुन्हा बंद करा, फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरी उलट करा आणि तेच गाणं परत लावा. ज्या जोडणीत आवाज भरीव येतो ती बरोबर. फरक इतका स्पष्ट असतो की त्यासाठी कानसेन असायची गरज नाही.

जुन्या स्पीकरवरचे रंग उडालेले असतील तर दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल घ्या. स्पीकर अँप्लिफायरपासून पूर्ण सुटा करून त्याच्या वायरीला सेल क्षणभर टेकवा. 'टक' आवाज येऊन मोठा पडदा बाहेर आला, तर सेलचं प्लस टोक जिथं लागलंय ते लाल. पडदा आत गेला तर उलटं. नऊ व्होल्टचा वगैरे घेऊ नका, आणि सेल धरून ठेवू नका.

मित्राच्या सेटची हीच भानगड निघाली. रूम बदलताना त्यानं साधी टू-कोअर वायर नवी आणली होती. दोन्ही तारांचा रंग एकच, एका तारेवर बारीक रेघ. ती रेघ त्यानं डावीकडं लालला लावली आणि उजवीकडं काळ्याला. वायर फिरवली आणि आवाजाला एकदम बूड आलं.

वायरवरून आठवलं, 'जाड वायर टाका, बास वाढेल' हा सल्लाही सर्रास मिळतो. तीन मीटरच्या साध्या अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीनं आठ ओहमच्या स्पीकरचा आवाज कमी होतो तो अर्धा डेसिबलसुद्धा नाही. एवढा फरक तुम्हाला गाणं ऐकताना कळणार नाही. लांब हॉलमध्ये पंधरा-वीस मीटर वायर ओढायची असेल तर जाड घ्या. दहा फुटी रूमसाठी महागडी वायर म्हणजे दुकानदाराची दिवाळी.

ऑक्स केबल आणि मोबाइलची आगाऊ सेटिंग

वायर बरोबर असेल तर गाणं जिथून येतंय तिथं बघा. मोबाइल किंवा लॅपटॉप ऑक्स केबलनं जोडला असेल तर पिन पूर्ण आत गेलीय का ते तपासा. मोबाइलचं कव्हर जाड असलं की पिन केसभर बाहेर राहते. त्या पिनवर तीन भाग असतात, डावा, उजवा आणि दोघांची सामाईक अर्थ. अर्थचा स्पर्श तुटला की स्पीकरला डावा-उजवा आवाज न मिळता दोघांमधला फरक तेवढा मिळतो. जे दोन्हीकडं सारखं होतं, म्हणजे बास आणि गायकाचा आवाज, ते दोन्ही गायब. गाणं बोगद्यातून आल्यासारखं वाटतं, मागचं संगीत तेवढं ऐकू येतं. बाससोबत गायकही बारीक झाला असेल तर संशय थेट केबलवर घ्या. नवी केबल हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

मोबाइलमध्ये इक्वलायझर कुणीतरी कधीतरी छेडलेला असतो. टीव्हीवर 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' मोड असतो, तो संवाद ठळक करायला खालचे आवाज कापतो. साउंडबारवर 'नाइट मोड' असतो, तो दणके दाबतो. आईवडिलांनी बातम्या नीट ऐकू याव्यात म्हणून लावलेला मोड आपण पिक्चर बघताना तसाच राहतो, हे घरोघरी होतं. ब्लूटूथला मात्र उगाच शिव्या खाव्या लागतात. ब्लूटूथनं आवाजाची बारीक नक्षी थोडी पुसली जात असेल, पण बास त्यानं कापला जात नाही.

वेगळा सबवूफर असलेला होम थिएटर असेल तर त्याच्या मागं वाका. आवाजाचं बटण शून्यावर गेलेलं असतं, केबल झाडू मारताना निघालेली असते किंवा तो आपोआप झोपी जाणारा असतो आणि हळू आवाजात जागाच होत नाही. मागं ० आणि १८० असं लिहिलेलं 'फेज'चं बटण असतं. ते दोन्हीकडं करून बघा आणि जिथं बास जास्त येईल तिथं ठेवा. वर सांगितलेली उलट्या वायरीची भानगडच ते बटण निस्तरतं. रिसीव्हर असेल तर त्यात स्पीकर 'लार्ज' आहेत की 'स्मॉल' ही सेटिंग बघा. छोट्या स्पीकरला 'लार्ज' सांगितलं असेल तर बास त्यांच्याकडं जातो आणि तो वाजवणं त्यांना जमत नाही. 'स्मॉल' करा आणि ८० हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरला द्या.

खुर्ची कुठं आहे?

वायर सुधारल्यावर आम्ही चहा पिऊन परत गाणं लावलं. मित्र रूमच्या मधोमध खुर्ची टाकून बसला. "आला रे, पण अजून पाहिजे तेवढा नाय." रूम पार्टनर भिंतीला लावलेल्या कॉटवर पडून होता. तो म्हणाला, "अजून? अरे छाती हादरतीय इथं."

आम्ही जागा बदलून बसलो. मित्र कॉटवर, पार्टनर खुर्चीत. आता मित्र खूश आणि पार्टनर म्हणतोय बास कमी आहे. दोघांचं भांडण तिथंच मिटलं.

घडत होतं ते असं. रूम दहा फूट. ज्या आवाजाची लाट वीस फुटांची, तिची बरोबर अर्धी लाट या दोन भिंतींमध्ये बसते. ११३० भागिले २०, म्हणजे साधारण ५६ हर्ट्झ. हा आवाज एका भिंतीवरून दुसरीकडं आपटत राहतो आणि खोलीत एका जागी गोठल्यासारखा उभा राहतो. त्याचा दाब भिंतींपाशी सगळ्यात जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे मधोमध खुर्ची टाकून बसणारा माणूस त्या आवाजाच्या खड्ड्यात बसलेला असतो.

आयताकृती खोलीत लांबी आणि रुंदी वेगळी असल्यानं हे खड्डे वेगवेगळ्या आवाजांवर विभागले जातात. बारा फुटांच्या बाजूला ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या बाजूला ५६. पण दहा बाय दहाच्या रूमला दोन्ही बाजू सारख्या. त्यात स्लॅबही दहा फुटांवर असेल तर तिन्ही दिशांचे खड्डे एकाच आवाजावर एकत्र येतात. आवाजाच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट आकार शोधून सापडणार नाही, आणि भाड्याच्या रूमा बांधणाऱ्यांना हाच आकार सगळ्यात आवडतो. मित्राच्या गावाकडचं घर लांबोडकं होतं, एका बाजूला ओसरीकडं उघडं. तिथं हा त्रास नव्हता.

स्पीकरच्या जागेचंही असंच. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढं ठेवला तर त्याचा आवाज मागं जाऊन, आपटून, परत सहा फुटांचा प्रवास करून येतो. साधारण ९४ हर्ट्झच्या आवाजाला हे अंतर अर्ध्या लाटेएवढं पडतं, आणि परत आलेला आवाज निघालेल्या आवाजाला खोडतो. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवलेले बरे. कोपऱ्यात ठेवले तर दोन भिंती आणि फरशी मिळून बासला आणखी उचलून देतात. जास्त झालं तर तो नुसता गुमगुमतो, एकाच सुरात. मग थोडं पुढं ओढायचं. यात पुस्तकी उत्तर नाही, सरकवून बघायचं.

सबवूफरची जागा शोधायची एक पद्धत जगभर वापरतात, दिसायला वेडेपणाची आहे पण चालते. तुम्ही जिथं बसता तिथं, म्हणजे कॉटवर किंवा सोफ्यावर, सबवूफर ठेवायचा. गाणं लावायचं. आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं जमिनीवर रांगत फिरायचं. जिथं बास सगळ्यात भरीव आणि सारखा ऐकू येईल ती सबवूफरची जागा. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमतं. फक्त दार लावून घ्या.

हळू आवाजात बास का मरतो?

समजा सगळं बरोबर आहे, तरी रात्री आवाज कमी केला की बास आधी जातो. हा दोष मशिनचा नाही, कानाचा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. आपला कान मधल्या आवाजांना तिखट आणि खालच्या आवाजांना मंद आहे. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा ५० हर्ट्झचा आवाज वाटायला तो ७५ डेसिबलच्याही पुढं लागतो. आवाज मोठा केला की ही दरी कमी होत जाते.

जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं, ते याचसाठी. हळू ऐकताना ते दाबलं की बास वाढून मिळायचा. मित्राच्या सेटवर ते होतं. त्याला वाटायचं आवाज मोठा करायचं बटण आहे, म्हणून रात्री तो ते मुद्दाम बंद ठेवायचा.

कानाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला पाहिजे. कंपनीतल्या गोंगाटानं कान बिघडतो तो खालून नाही, वरून. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं कमी होतं. प्रेस शॉप किंवा फोर्जिंगमध्ये आठ तास काढून आल्यावर गाणं बोथट, कापूस घातल्यासारखं वाटत असेल आणि सकाळी परत ठीक वाटत असेल, तर स्पीकर उघडू नका. तो कान दमल्याचा इशारा आहे. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि इअर प्लग खिशात ठेवण्यासाठी दिलेले नसतात.

भिंतीपलीकडचा माणूस

दुपारी साडेतीनच्या सुमारास दार वाजलं. शेजारच्या रूममधले एक दादा उभे होते, डोळे लाल. "जरा आवाज कमी करता का? नाइट करून आलोय. गाणं नाय ऐकू येत, पण नुसतं धडधड धडधड होतंय डोक्यात."

आम्ही वरमलो. पण त्यांचं वाक्य अगदी बरोबर होतं. भिंत बारीक लाटांचे आवाज चांगले अडवते, लांब लाटांचे फार कमी. त्यामुळं गाण्याचे शब्द, बासरी, झांजा इकडंच राहतात आणि तिकडं फक्त बास पोचतो. त्यात वर सांगितलेलं गणित जोडा. दाब सगळ्यात जास्त कुठं? भिंतीपाशी. आमचा मित्र गेले काही आठवडे खोलीच्या मधोमध, बासच्या खड्ड्यात बसून, आवाजाचं बटण वाढवत होता. त्याला काहीच मिळत नव्हतं, आणि सामाईक भिंतीला उशी लावून झोपलेल्या माणसाला सगळं मिळत होतं.

कायदा इथं फार मदतीला येत नाही. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांमध्ये राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७०. रात्र म्हणजे दहा ते सहा. थर्ड शिफ्ट करणाऱ्याची रात्र सकाळी सात वाजता सुरू होते, ती या नियमात नाही. दुसरं म्हणजे ही मोजणी 'ए' नावाच्या मापानं होते. हे माप कानाच्या सवयीप्रमाणं खालचे आवाज वजा करून मोजतं. ५० हर्ट्झला ते तब्बल ३० डेसिबल सोडून देतं. म्हणजे मीटर गप्प आणि भिंत धडधडतेय असं होऊ शकतं.

मग आम्ही केलं एवढंच. स्पीकर सामाईक भिंतीवरच्या फळीवर होते, ते काढले. फळी भिंतीत ठोकलेली, म्हणजे स्पीकरची थरथर थेट विटांमध्ये जात होती. बाहेरच्या बाजूच्या भिंतीकडं एक टेबल होतं, त्यावर रबरी पायपुसण्याचे तुकडे घालून स्पीकर ठेवले. कॉट त्याच्या समोरच्या भिंतीला घेतली आणि ऐकायची जागा तीच ठरवली. लाउडनेसचं बटण चालू केलं. आधी घड्याळाच्या बाराच्या काट्यावर असलेलं आवाजाचं बटण आता नऊवर पुरत होतं, आणि बास आधीपेक्षा जास्त ऐकू येत होता. दादांच्या शिफ्टचं वेळापत्रक मित्रानं विचारून घेतलं.

तरीही बास येत नसेल तर

एकदा स्पीकरची जाळी काढून मोठ्या पडद्याची कड बघा. पंधरा-वीस वर्षं जुन्या बऱ्याच स्पीकरमध्ये ही कड फोमची असते. उन्हाळा-पावसाळ्यानं ती चिकट होते, मग भुगा होऊन गळते. कड फाटली की पुढची आणि मागची हवा एक होते, परत तीच माठाविना स्पीकरची गत. नवी रिंग बसवून मिळते, अख्खा स्पीकर टाकायची गरज नसते. रबरी कड असेल तर सहसा टिकते. पडदा दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच, सरळ आत दाबून बघा. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासतेय, ते मात्र दुरुस्तीवाल्याचं काम.

आणि काही वेळा उत्तर खरंच 'नवीन घ्या' हेच असतं. तीन इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झचा दणका कुठल्याही सेटिंगनं निघणार नाही, कारण बास म्हणजे हवा हलवणं आणि त्याला पडद्याचा आकार लागतो. घेताना खोक्यावरचा 'पीएमपीओ'चा हजारोंचा आकडा वाचूच नका, तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. 'आरएमएस' वॉट किती ते विचारा, आणि तेही लक्षात ठेवा की वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. त्यापेक्षा पडदा किती इंची आहे आणि किती हर्ट्झपर्यंत खाली जातो हे महत्त्वाचं. दहा फुटी रूमला आठ इंची सबवूफर भरपूर झाला. दुकानात ऐकताना मोबाइलमधलं तुमचं रोजचं गाणं लावायला सांगा. दुकानाचं डेमोचं गाणं कशावरही भारीच वाजतं.

मित्रानं सबवूफर घेतला नाही. ओव्हरटाइमच्या पैशातून त्यानं दोन मीटर लाल-काळी वायर आणली, उरलेले गावाकडं पाठवले.